गाडी लोंढ्याला का वळते? नैऋत्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना खुले पत्र

मा. महाव्यवस्थापक,
नैऋत्य रेल्वे, हुबळी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे राहतो. परगावच्या माणसाला हा पत्ता अपुरा वाटतो, पण आमच्या गावात पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही वस्त्यांची नावं आहेत. रिक्षावाल्याला रस्त्याचं छापील नाव सांगितलं तर तो मान हलवतो. ‘सेकंड गेट’ म्हटलं की लगेच भाडं सांगतो. गाडी उशिरा येते, गेट बंद राहतं, अमुक गाडीला तमुक ठिकाणी थांबा हवा, यांपैकी कशासाठीही हे पत्र नाही. ती पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगली लिहितात.

हे पत्र एका घंटेमुळे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात बारशाला गेलो होतो. पानं मांडायला अवकाश होता, पाऊस जरा उघडला होता, म्हणून शेजारच्या मराठी शाळेच्या ओसरीवर जाऊन बसलो. आढ्याला तारेनं हातभर लांबीचा रुळाचा तुकडा टांगलेला आणि तो बडवायचा बोल्ट खिडकीत ठेवलेला. अशा घंटा सगळीकडे असतात. मीही तसल्याच घंटेवर शिकलो. पण हा तुकडा फारच हडकुळा वाटला. आताच्या रुळाशेजारी ठेवला तर बापाशेजारी पोर उभं केल्यासारखा दिसेल. त्याच्या कमरेला, म्हणजे वरचा माथा आणि खालचा पाया यांच्यामधल्या पट्टीवर, उठावाची अक्षरं होती. बोल्टाच्या टोकानं गंज खरवडला तर आधी ‘एस’ निघालं, मग ‘एम’, मग ‘आर’. पुढं सालाचे आकडे असावेत, पण तिथं गंजाचे पापुद्रे सुटले होते. बघायला जमलेल्या पोरांपैकी एकानं सांगून टाकलं, “देणगी दिलेल्या सरांचं नाव असणार.” त्याचं काय चुकलं? शाळेच्या कपाटावर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असं रंगवलेलं असतंच.

एस. एम. आर. म्हणजे सदर्न मराठा रेल्वे. १८८२ साली निघालेली कंपनी. आज आपण ज्या लोहमार्गांचा कारभार बघता, त्यांतले कितीतरी या कंपनीनं घातलेले. हुबळीचा रेल्वे कारखाना तिचाच. तिचं मुख्य ठाणं धारवाडात होतं आणि भांडवलाची माणसं लंडनला. ज्या मुलांच्या गावावरून दिवसरात्र तिच्या वाटेनं गाड्या जातात, त्यांच्या कानावर ते नाव कधी पडलेलं नाही. पोरांचं सोडा. बारशाच्या पंगतीत मी विचारलं तर माझ्या वयाच्या दोघातिघांनीही खांदे उडवले.

म्हणून आपल्याकडे मागणं एवढंच आहे, की बेळगाव स्थानकात या कंपनीची, आणि आमच्या लाईनीची, गोष्ट लिहिलेली एक भिंत असावी. स्थानकाची नवी इमारत २०२३च्या फेब्रुवारीत झाली. भिंतींना तोटा नाही. पण त्या भिंतीवर काय लिहावं याबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण अशा भिंतींवर बहुधा वाफेच्या इंजिनाचं एक चित्र आणि ‘गौरवशाली परंपरा’ एवढंच येतं.

सुरुवात दुष्काळापासून करावी. १८७६ ते ७८चा तो दुष्काळ कानडी मुलखात ‘धातू-ईश्वर’ म्हणून ओळखला जातो, कारण एका सालचं संवत्सर धाता आणि पुढच्या सालचं ईश्वर. बेळगावच्या पश्चिमेला डोंगरात पाऊस मावत नाही आणि पूर्वेला अथणी, सौंदत्तीकडे ढग बघत बसावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको. त्या सालांत धान्य दुसरीकडे होतं. ते आणायचं कशातून हा प्रश्न होता. गाड्या बैलांच्या, आणि चारा नाही म्हणून बैलच आधी मेले. १८८०च्या दुष्काळ आयोगानं सांगितलं, की अशा मुलखात लोहमार्ग घाला. त्यातून ज्या लाईनी निघाल्या त्यांना साहेबाच्या दप्तरातही ‘फॅमिन लाईन’ म्हणत. होटगीहून विजापूरवरून गदगला जाणारी लाईन त्यांतली. सदर्न मराठा कंपनीनं पहिली हाती घेतली ती हीच, आणि १८८४ साली ती चालूही झाली. रूळ मीटरगेजचे, म्हणजे बरोबर एक मीटर अंतराचे. मोठा गेज साडेपाच फुटांचा. लॉर्ड मेयोनं १८७० साली स्वस्तात काम व्हावं म्हणून मीटरगेज पसंत केला होता. शाळेतल्या घंटेचा हडकुळेपणा तिथला.

कंपनी धर्मादाय नव्हती, हेही भिंतीवर यायला हवं. भागधारकांच्या व्याजाची हमी सरकारनं घेतलेली होती. धंदा चालो न चालो, लंडनच्या माणसाला त्याचं व्याज मिळणार आणि ते शेवटी इथल्या रयतेच्या खिशातून जाणार. आणि दुष्काळात जी लाईन धान्य आत आणते तीच सुगीत कापूस बाहेर नेते. हुबळी, गदग, धारवाडचा कापूस तेव्हा नावाजलेला. तो समुद्रापर्यंत न्यायचा कुठून, या एका प्रश्नावर आमच्या जिल्ह्याचा नकाशा ठरला.

रेल्वे यायच्या आधी बेळगावचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला. आंबोलीचा घाट, त्याच्या अलीकडे रामघाट. बैलगाड्यांच्या रांगा घाट उतरून बंदरावर जायच्या आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन वर यायच्या. बेळगावच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणींनाही वेंगुर्ल्याचाच रस्ता. कारवारला बंदर करावं आणि तिथं हुबळीहून रेल्वे न्यावी अशीही खटपट चालू होती. ही खटपट आजही चालूच आहे, असं हुबळी-अंकोल्याच्या बातम्या वाचताना वाटतं.

पण इंग्रजांनी १८७८ साली पोर्तुगालशी तह केला. त्यात गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून इंग्रजी हद्दीपर्यंत रेल्वे घालायचं ठरलं. तह १८९२ साली संपला, मिठाची भानगड मिटली. रूळ मात्र राहिले. गोव्याची बाजू वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज नावाच्या कंपनीनं बांधली. दूधसागरच्या तोंडावरून जाणारा तो ब्रगांझा घाट. १८८८ साली कॅसलरॉकला दोन्हीकडचे रूळ भेटले. कापसाला बंदर मिळालं. वेंगुर्ल्याचा व्यापार त्यानंतर जो बसला तो उठलाच नाही. सावंतवाडीकडचे आमचे पाहुणे ही गोष्ट अजून घरातलं भांडण सांगावं तशी सांगतात.

आता नकाशा बघा. कंपनीची खरी लाईन पूर्व-पश्चिम: गुंटकल, बळ्ळारी, गदग, हुबळी, धारवाड, लोंढा, कॅसलरॉक आणि खाली समुद्र. पुण्याहून मिरज, घटप्रभा, बेळगाव करत येणारी लाईन तिला वरून येऊन मिळाली ती लोंढ्यात. १८९०पर्यंत पुणे ते लोंढा सलग झालं. म्हणून बेळगावहून धारवाडला निघालेली गाडी आधी सरळ दक्षिणेला जंगलात उतरते, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करत लोंढ्याला पोचते आणि तिथून काटकोनात पूर्वेला वळते. रस्त्यानं जाणारा माणूस कित्तूरवरून तिरका धारवाडात पोचतो आणि चहा पिऊन मोकळा होतो; गाडीतला अजून अळणावरच्या अलीकडे असतो.

लहानपणी मला वाटायचं, मधे डोंगर असणार म्हणून गाडी वळसा घेते. डोंगर कसला, कित्तूरची बाजू तर काळ्या मातीचं माळरान. उलट गाडीच आडबाजूच्या जंगलात शिरते. माझ्या समजुतीप्रमाणे कारण एवढंच, की कंपनीच्या डोळ्यांपुढं बंदर होतं. बेळगावच्या माणसाला धारवाडात कोर्टाचं काम असेल, कॉलेजात पोरगा असेल, हा तिच्या हिशेबातला विषय नव्हता. कित्तूरवरून धारवाडला जाणाऱ्या ७३ किलोमीटरच्या नव्या लाईनीचं घोडं आता पुढं सरकतंय. तिच्यासाठी झटलेले आमचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २०२० साली कोविडनं गेले. त्यांना ती बघायला मिळाली नाही. त्या लाईनीची बातमी वाचताना लोक म्हणतात, नवीन लाईन होणार. मी म्हणतो, १८८०च्या दशकातली थकबाकी वसूल होणार. ही गोष्ट भिंतीवर नकाशा काढून दाखवली तर पाचवीच्या पोराला कळेल. त्या नकाशासाठी मी भांडायला तयार आहे, बाकीचा मजकूर मागंपुढं झाला तरी चालेल.

आता नावाचा प्रश्न. तो टाळून भागणार नाही, म्हणून मीच काढतो.

‘मराठा’ हा शब्द आमच्या भागात कुठंही लिहिला की दोन्हीकडचे कान टवकारतात. १९५६पासून आम्ही तेच बघत आलोय. तर कंपनीच्या नावातला ‘सदर्न मराठा’ हा इंग्रजांनी मुलखाला दिलेला शब्द आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि मधली संस्थानं: सांगली-मिरजेचे पटवर्धन, मुधोळचे घोरपडे, रामदुर्ग, जमखंडी. या सगळ्याला साहेब ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणायचा, कारण त्यानं हा मुलूख पेशव्यांच्या राज्यातून घेतला होता. या मुलखात तेव्हाही मराठी आणि कानडी शेजारी-शेजारी नांदत होत्या. कंपनीच्या लाईनीवर काम करणारे कानडी, मराठी, तेलुगू, तमिळ, गोव्याचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, सगळ्या जातीचे. तेव्हा या नावावरून कुणी हक्क सांगू नये आणि कुणी ते नाव पुसूही नये. माझ्या बाजूचे काही मित्र हे वाचून नाराज होतील. त्यांना मी घरी बोलावून कुंदा खायला घालीन.

स्थानकावरच्या पाटीवर कोणती लिपी आधी, यासाठी हे पत्र नाही. फक्त भिंतीवरचा मजकूर कानडीबरोबर मराठीतही असावा, कारण गुंजीच्या, इदलहोंडच्या, देसूरच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहणारी कितीतरी माणसं घरात मराठी बोलतात आणि ज्यांच्या आज्जा-पणज्यांनी ही लाईन राखली त्यांनाच ती वाचता येऊ नये हे बरं दिसणार नाही.

नावाचं पुढं काय झालं ते थोडक्यात. १ जानेवारी १९०८ला ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या, ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ असं लांबलचक नाव आलं आणि मुख्य ठाणं मद्रासला गेलं. १९४४च्या एप्रिलमध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. १४ एप्रिल १९५१ला दक्षिण रेल्वे झाली आणि ‘मराठा’ हा शब्द गळाला. २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, मालक सिकंदराबादला. १ एप्रिल २००३पासून आपण, हुबळीला. लंडन, मद्रास, सिकंदराबाद, हुबळी. आमच्या लाईनीची सासरं बदलत गेली, पण एकदाही तिला बेळगावात माहेरपण मिळालं नाही. मिरजेपासून वरची, पुण्याची आणि कोल्हापूरची बाजू आज मध्य रेल्वेत आहे, म्हणजे एकाच कंपनीची लेकरं दोन घरांत वाढतायत. कोल्हापूरची तर मूळचीच वेगळी. मिरज-कोल्हापूर फाटा संस्थाननं स्वतःच्या पैशानं केला, १८९१ साली सुरू केला आणि चालवायला या कंपनीकडे दिला.

मिरजेबद्दल मात्र थोडक्यात सांगता येणार नाही.

मुंबई-पुण्याकडून मोठा गेज कोल्हापूरपर्यंत १९७१ साली आला. बेळगावकडची लाईन मीटरगेजच राहिली, थेट नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत. कुर्डुवाडीकडून बार्शी लाईट रेल्वेची छोटी नॅरोगेजही मिरजेलाच येऊन थांबायची. म्हणजे एका स्टेशनात तीन मापांचे रूळ. ज्याचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात बेळगावात गेलं त्याला मिरज म्हटलं की अपरात्रीची धावपळ आठवते. मुंबईची गाडी फलाटाला लागायच्या आधीच दारात उभं राहायचं. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात धाकट्या बहिणीचं मनगट, आई ट्रंकेवर नजर ठेवून हमालाच्या मागं. “बेळगाव गाडी? बेळगाव गाडी?” असं ओरडत माणसं जिन्यावरून पळायची. मीटरगेजचा डबा अरुंद. समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. एकदा जागा मिळाली, की आई ट्रंक पायाखाली सरकवून दशम्या सोडायची आणि म्हणायची, “आता आलं घर.” घर अजून अर्ध्या रात्रीच्या अंतरावर असायचं. उगार मागं पडून कृष्णेचा पूल लागला, की चाकांचा आवाज बदलायचा आणि आई झोपेतच नदीला हात जोडायची. तो बदललेला आवाज मी आजही ओळखतो. कुडची आलं म्हणून कुणी सांगावं लागत नाही.

माणसांचं हे, तर मालाचं काय असेल? उगारची साखर असो की आणखी काही, गेज बदलला की प्रत्येक पोतं एका वाघिणीतून काढून दुसरीत. मिरजेच्या हमालांच्या किती पिढ्यांच्या पाठी यावर वाकल्या याचा हिशेब कुठल्याच कंपनीनं ठेवलेला नसणार. स्वस्तातल्या रुळांची किंमत अशीही मोजावी लागली.

याच मीटरगेजवरून कोण कोण आलं-गेलं तेही लिहावं. स्वामी विवेकानंद १८९२च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून बेळगावला आले आणि इथून मुरगावकडे गेले. तेव्हा पुणे ते लोंढा सलग होऊन जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली होती. १९२४च्या डिसेंबरात गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन बेळगावात भरलं, त्याची गर्दी या चिमुकल्या डब्यांनीच वाहिली. आणि १९६१चा डिसेंबर. गोव्यासाठी मेजर जनरल कँडेथ यांची फौज बेळगावात गोळा झाली. कॅसलरॉक म्हणजे तोवर हद्दीचं स्टेशन, जकातीच्या लोकांनी ट्रंका उघडून बघायचं ठिकाण. १९५५पासून तर पलीकडे गाडीच जात नव्हती. सहा वर्षं रूळ तिथल्या तिथं गंजत होते.

आता घरचं. माझा आज्जा गँगमन होता, गुंजी ते लोंढा या टापूत. लागला तेव्हा ‘यमेसेम’, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, होती, निवृत्त झाला तेव्हा दक्षिण रेल्वे. तो मरेपर्यंत ‘यमेसेम’च म्हणत राहिला. पावसाळ्यात रात्रीची पेट्रोल ड्युटी, म्हणजे रुळावरून गस्त, असायची. गुंजीचा पाऊस आपल्याला कागदावर माहीत असेल. डोक्यावर इरलं, एका हातात हातबत्ती, खांद्याच्या पिशवीत फटाके. हे फटाके म्हणजे चपटी डबी. धोका दिसला, की ती रुळावर पट्टीनं आवळून बसवायची. इंजिनाचं चाक वरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी रोखतो. आज्जानं आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं, तिथं पलीकडच्या हद्दीचा पेट्रोलवाला भेटायचा, दोघांनी वह्या बदलायच्या, विडी ओढायची आणि उलट फिरायचं. वही बदलली नाही तर दोघांपैकी एक झोपला होता हे सकाळी मुकादमाला कळायचं.

त्याच्या शौर्याच्या गोष्टी नाहीत. एकच आहे आणि ती फजितीची. एका रात्री वळणापलीकडे मोठा आवाज झाला, दरड आली असं समजून त्यानं फटाके लावले आणि लाल बत्ती धरून उभा राहिला. मेल थांबली. ड्रायव्हर, गार्ड, आज्जा, तिघे चालत पुढं गेले तर बांबूचं एक बेट रुळाशेजारी कोसळलेलं, रुळावर चार फांद्या. ड्रायव्हर मद्रासी होता. त्यानं त्याच्या भाषेत जे काही सुनावलं ते आज्जाला कळलं नाही, पण “बांबू” हा शब्द तेवढा कळला. पुढं लोंढ्याच्या चाळीत त्याला ‘बांबू’ म्हणायला लागले. हे सांगताना तो स्वतःच हसायचा आणि शेवटी म्हणायचा, “दरड असती तर?”

अशा माणसांच्या गोष्टी सांगणारे अजून आहेत. लोंढ्यात, खानापुरात, आमच्या गुड्सशेड रोडच्या बाजूला. केबिनमध्ये खटके ओढलेले, धावत्या गाडीच्या ड्रायव्हरकडून वेताच्या कड्यातला टोकनचा, म्हणजे पुढच्या टप्प्यात गाडी न्यायच्या परवान्याचा, गोळा हातावर झेललेले. गोळा चुकला तर मनगट सुजायचं. त्यांतला सर्वांत तरुण आता सत्तरीच्या घरात आहे. कुणीतरी रेकॉर्डर घेऊन त्यांच्यापुढं बसायला हवं. आपल्या खात्यात हे काम करणारं कुणी नसेल तर इथल्या कॉलेजांत इतिहासाची मुलं आहेत. आपल्या सहीचं एक पत्र असलं की दारं उघडतात. पत्र नसलं की काय होतं ते मी पाहिलंय. जुन्या वेळापत्रकाची एखादी प्रत बघायला मिळेल का, म्हणून मी काही वर्षांपूर्वी एका कचेरीत गेलो होतो. तिथल्या भल्या माणसानं चहा पाजला आणि म्हणाला, “अहो, ते सगळं रद्दीत गेलं. आधी आला असता तर एक गठ्ठा दिला असता.”

दुहेरीकरण झालं, वर विजेच्या तारा आल्या. चांगलंच झालं, मी त्या बाजूचा माणूस नाही जो वाफेच्या इंजिनासाठी उसासे टाकतो. त्या कोळशाचे कण माझ्या डोळ्यांत गेलेत. पण कामाच्या रेट्यात जुन्या चाळी, केबिनी, पाण्याचे खांब, मीटरगेजच्या वेळचे दगडी मोऱ्यांचे कठडे पडत चाललेत. पाडू नका असं म्हणणार नाही, सगळं ठेवून कसं चालेल? भंगाराचा लिलाव करण्याआधी जाणत्या माणसानं एकदा फिरून यावं, रुळाच्या तुकड्यांवरची अक्षरं आणि सालं टिपून घ्यावीत, एवढं सहज होण्यासारखं आहे. कंपनीनं माल कुठून आणि कधी आणला हे त्या लोखंडावरच लिहिलेलं असतं.

२०२०मध्ये हुबळीला आपलं रेल्वे संग्रहालय उघडलं. मी जाऊन आलो, मनापासून आवडलं. तिथल्या दोन जुन्या बंगल्यांना नावं आहेत मलप्रभा आणि घटप्रभा. मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते आणि घटप्रभेच्या काठचं तर स्टेशनच आहे. नद्या आमच्या जिल्ह्याच्या, घरं हुबळीत. याची तक्रार करत नाही. नद्या वाहतच पुढं जातात. पण उगमाशी काहीतरी असावं ना? बेळगावात भिंत झाली तर लोंढ्याला एक खोली करावी. गाडी जिथं वळते तिथंच ती का वळते हे सांगणारी. गोव्याला धबधबा बघायला जाणारी अर्धी जनता तिथूनच जाते आणि गाडी थांबली की खाली उतरून वडा शोधते. पाच मिनिटं भिंतीकडेही बघेल.

शेवटचं. आज्जाची हातबत्ती माझ्याकडे आहे. लाल, हिरवी, पांढरी अशा तीन काचा, त्यातली हिरवी तडकलेली. वरची मूठ फिरवली की रंग अजून बदलतात, फक्त तेल घातल्याशिवाय फिरत नाही. पितळी पट्टीवर ‘एम अँड एस एम’ अशी अक्षरं ठोकलेली आहेत. खात्याचा माल आज्जाच्या घरी कसा आला हे कृपा करून विचारू नये, तो सांगायला आता राहिलेला नाही. खोली होणार असेल तर ती बत्ती द्यायला मी तयार आहे. खानापूरच्या त्या शाळेच्या हेडमास्तरांशीही बोललो. ते म्हणाले, “रुळाचा तुकडा नेता तर न्या, पण बदली दुसरी घंटा आधी द्या, नाहीतर सुट्टी कशी द्यायची?” तेवढी एक घंटा आपल्याकडून मिळाली तर दोन्ही वस्तू घेऊन मी स्वतः हुबळीला येईन. कुठल्या खिडकीवर जमा करायच्या ते कळवावं.

आपला,
दुसऱ्या गेटाजवळचा एक रहिवासी
टिळकवाडी, बेळगाव